आई, तो तुम्हाला दिसलाच नव्हता

आई,

तुम्ही गेल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवतंय. "किती शांत होत्या हो तुमच्या सासूबाई!" परवा खालच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई आल्या, सोफ्यावर बसल्या, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "अगदी गाईसारख्या." मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तुमचा असा राग आला की विचारू नका. कारण ही सगळी तुमचीच करणी. चारचौघांत दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मान खाली घालून बसायचं, आणि घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणायचं, "देशपांडेणीच्या आमटीत काही राम नव्हता." एवढी वर्षं तुमच्याबरोबर एका फ्लॅटमध्ये काढली ती मी. खरं काय ते मला माहीत, आणि मला कुणी विचारत नाही.

गाय बंदूक चालवत नाही, आई.

बाबा गेल्यावर नाशिकचं घर बंद करून तुम्ही आमच्याकडे इथे आखातात, फहाहीलला आलात, तेव्हा मला वाटलं होतं की सोबत होईल. प्रकाशची रिफायनरीतली शिफ्ट, माझी शाळा, सई लहान. घरात मोठं माणूस असेल, देवापुढे दिवा लागेल. कसलं काय! पहिल्या महिन्यातच तुम्ही जाहीर केलंत, "खिडकी उघडली तर धूळ, लावली तर त्या एसीची घरघर. माणसाने इथे करायचं तरी काय?" मी तुम्हाला विणकाम आणून दिलं, तुम्ही ते परत दिलंत. पोथ्या आणल्या. "या मी वाचल्यात," म्हणालात. माझ्या फोडणीत मोहरी तडतडायच्या आत हिंग पडतो, हा शोध मात्र तुम्ही रोज नव्याने लावत होतात.

आमचे घरमालक बू सालेम, म्हणजे सालेमचे वडील. त्यांच्या खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. प्रकाशने एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वफ्रा गावच्या शेतावरचा पाण्याचा पंप दुरुस्त करून दिला, म्हणून त्यांनी आम्हाला सगळ्यांना शुक्रवारी शेतावर बोलावलं. टोमॅटोचे प्लास्टिकचे बोगदे, थोडी खजुराची झाडं, मेंढ्यांचा कळप, आणि मागे वाळूचा उंच बांध. बू सालेम आणि त्यांचा चुलतभाऊ त्या बांधासमोर कोल्ड्रिंकचे डबे मांडून बंदूक चालवत होते. छोटीशी रायफल, पॉइंट टू-टूची. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून वर दाबली की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते आणि नवं काडतूस चढतं. त्याचा तो खट्‌-खटाक आवाज आला आणि तुमचा हातातला खजूर हातातच राहिला.

"प्रकाश," तुम्ही म्हणालात, "त्याला सांग, श्वास कोंडू नको म्हणावं. अर्धा सोडायचा आणि मग चाप दाबायचा."

"आई, गप्प बस," प्रकाश दातांतल्या दातांत म्हणाला. "ते मालक आहेत."

"मालक असला म्हणून काय झालं? डबा हसतोय त्याला."

आणि तुम्ही उठलात. पदर कमरेला खोचलात. बू सालेमपुढे जाऊन हात पुढे केलात, भाजीवाल्याकडून पिशवी घ्यावी तसा. तो भला माणूस इतका गोंधळला की त्याने बंदूक देऊन टाकली. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मला वाटलं, आता इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच, रद्द, घर खाली, बोजा-बिस्तरा घेऊन नाशिक. पहिली गोळी वाळूत गेली. प्रकाशने सुटकेचा श्वास टाकला, आता तुम्ही परत याल म्हणून. तुम्ही मागे वळून म्हणालात, "पहिली ओळख करून घ्यायला असते. थोडी उजवीकडे ओढते ही." मग खट्‌-खटाक, खट्‌-खटाक, आणि डबे एकेक करून उडाले.

त्या दिवशी आम्हाला कळलं की तुमचे वडील सुरगाण्याच्या जंगलात रेंजर होते, त्यांच्याकडे अशीच एक रायफल होती आणि वाळलेल्या भोपळ्यांवर त्यांनी तुम्हाला नेमबाजी शिकवली होती. प्रकाशलाही हे माहीत नव्हतं! पोटच्या पोराला! "तू कधी विचारलंस?" असं तुम्ही त्यालाच वर सुनावलंत. वडील गेल्यावर तुमच्या भावाने ती रायफल तुम्हाला न विचारता विकली, हे सांगताना मात्र तुमचा आवाज बदलला होता. "सोनं नाही मागितलं मी, जमीन नाही मागितली," एवढंच म्हणालात आणि गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसलात.

तिथून पुढे आमचे शुक्रवार संपले. मला आठवडाभराची झोप काढायची असायची, पेपर तपासायचे असायचे, आणि तुम्ही सकाळीच इस्त्रीची साडी नेसून सोफ्यावर तयार. "बू सालेम वाट बघत असेल." तो बिचारा कशाला वाट बघतोय! वाट बघायची ती त्याची आई. सगळे तिला हज्जिया म्हणत, आपणही म्हणू लागलो. तुम्ही तिच्याशी मराठीत बोलायचात, ती तुमच्याशी अरबीत, आणि दोघी तासन्‌तास बोलायचात. तिचे वडील गलबतावर मुंबईला जायचे, त्यामुळे तिच्या बोलण्यात एखादा आपला शब्द सापडायचा. नेम सरळ धरायला सांगताना ती ओरडायची, "सीदा! सीदा!" आणि तुम्ही मला अभिमानाने सांगायचात, "बघ, मराठी बोलते." ती तुम्हाला 'उम्म ब्रकाश' म्हणायची, प्रकाशची आई. अरबीत 'प' नाही हे मी तुम्हाला कितीदा समजावलं, पण तुमचं आपलं एकच, "शिकेल हळूहळू."

बंदूक कागदोपत्री बू सालेमची, पण हज्जियाने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ती उम्म ब्रकाशची आहे, तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून तुम्ही ती घरच्या भांड्यासारखी पुसायला लागलात. नळीत सळई घालून कापूस फिरवायचात, दस्त्याला तेल लावायचात. खोबरेल तेल, आई! मी प्रकाशसाठी केरळवाल्याच्या दुकानातून आणलेलं. आणि त्या पुंगळ्या. आठवण म्हणून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या मला पोह्यांच्या डब्यात सापडल्या, देवघरात सापडल्या, सईच्या कंपासपेटीत सापडल्या. हे सगळं मी सहन केलं. पण विमानतळ?

नाशिकला सुट्टीवर निघालो होतो. तपासणीच्या यंत्रापाशी तुमची पर्स अडली. पोलिसाने त्यातून जपमाळ काढली, सुपारीची डबी काढली आणि मग दोन बोटांत ती पितळेची पुंगळी धरून आमच्याकडे बघितलं. ते दिवस कसे होते तुम्हाला माहीत होतं, जगभर विमानतळांवर सगळे धास्तावलेले. प्रकाश घामाने भिजला. मी सईला जवळ ओढलं. आणि तुम्ही त्या पोलिसाला मराठीत म्हणालात, "रिकामी आहे रे, दिसत नाही का?" आम्हाला एका खोलीत नेऊन बसवलं. शेवटी बू सालेमना फोन करावा लागला. ते पायजम्यासारख्या घरच्या कपड्यांत धावत आले, साहेबांशी बोलले, हसले, हात जोडले, आणि आम्ही सुटलो. विमान गेलं होतं ते गेलंच. घरी परतताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "पुंगळी ठेवून घेतली त्याने."

असं वाटायचं, आई, की तुम्हाला खिडकीतून ढकलून द्यावं. आणि लगेच मला ते युद्धाचे दिवस आठवतात, आणि मला धड रागावताही येत नाही. शेजारी इराकमध्ये पुन्हा युद्ध पेटलं, शाळा बंद झाल्या, इमारतीतली अर्धी कुटुंबं भारतात निघून गेली. प्रकाशला रिफायनरी सोडता येत नव्हती. मी तिकिटं काढायला निघाले तर तुम्ही दारात उभ्या. "पोराला टाकून मी जाणार नाही. तू जा सईला घेऊन." म्हणजे मी जायचं आणि वाईट व्हायचं! शेवटी कुणीच गेलं नाही. पहिला भोंगा वाजला तेव्हा आपण तिघी बाथरूममध्ये, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावून, बसलो होतो. माझे दात वाजत होते. तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि म्हणालात, "श्वास कोंडू नको. अर्धा सोड. हां. आता आणखी थोडा." सई तुमच्या मांडीवर झोपूनही गेली. मी तेव्हा तुम्हाला काही म्हणाले नाही. नंतरही नाही. भोंगा संपल्यावर तुम्ही उठून म्हणालात, "बाथरूमच्या कोपऱ्यात केवढं शेवाळ, कधी घासलं होतंस?" आणि आभार मानायची वेळ निघून गेली.

आता मुद्द्यावर येते. तुम्हाला टाळायचा असला तरी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तुमचे नेम चुकायला लागले. तुम्ही म्हणालात, बंदुकीची माशी वाकली. नळीच्या टोकावरची ती इवलीशी खूण. बू सालेमनी ती शहरात नेऊन दाखवली, कारागीर म्हणाला काही झालेलं नाही. मग काडतुसं दमट झाली. मग वारा. सई एकटी तोंडावर म्हणाली, "आजी, यू मिस्ड. अगेन." बाकी आम्ही सगळे वाऱ्याला दोष देत राहिलो. घरी तुम्ही तांदूळ निवडताना ताट नाकाजवळ धरायचात. मीठ समजून दोनदा साखर घातलीत आणि दोन्ही वेळा बरण्या मी बदलल्या असं म्हणालात. मी डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. साधं ऑपरेशन, ते म्हणाले. तुम्ही वाटेत म्हणालात, "माझ्या आईचा डोळा असाच गेला. साधंच होतं." त्यापुढे विषय बंद.

आणि मग तो शुक्रवार. हज्जिया सतरंजीवर बसली होती, मी शेजारी संत्री सोलत होते, प्रकाश आणि बू सालेम पंपाकडे. तुम्ही बंदूक खांद्याला लावलीत. बांधाच्या माथ्यावर, डब्यांच्या जरा वर, काहीतरी हललं. इद्रिस होता. शेतावरचा सुदानी मेंढपाळ, वाळूच्या रंगाचा जुना कोट घालायचा. चुकलेली मेंढी शोधत मागून बांधावर चढला असणार. मी ओरडले. तुम्ही हलला नाहीत. मी धावले, संत्री उधळली, आणि बंदुकीची नळी धरून आभाळाकडे लोटली. गोळी सुटली. वर, कुठेतरी वर.

इद्रिसने वरून हात हलवला. "सलाम आलेकुम!" त्याला वाटलं आपण त्याच्याकडे बघून ओरडतोय, प्रेमाने.

पंपाकडून प्रकाश आणि बू सालेम धावत आले तेव्हा मी तुमच्या हातातून बंदूक काढून घेतली. सगळ्यांसमोर. हो, सगळ्यांसमोर.

"मला दिसला होता तो," तुम्ही म्हणालात.

"नव्हता दिसला."

"बोट चापावर नव्हतं माझं. तू ओढलीस म्हणून सुटली."

"आई, बोट चापावर नव्हतं तर गोळी सुटली कशी?"

"तू मला शिकवू नको. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी बंदूक धरत्ये."

मी म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत बंदूक नाही. तुम्ही म्हणालात, तू कोण सांगणार. प्रकाशकडे दोघींनी बघितलं तर तो म्हणाला, "मी जरा पंप बघून येतो." पंप! बू सालेमना मी बाजूला घेऊन बंदूक कुलपात ठेवायला सांगितली, तर त्यांनी छातीवर हात ठेवला. "सिस्टर, शी इज लाइक माय मदर. हाऊ कॅन आय?" म्हणजे वाईट पुन्हा मीच. तुम्ही उठून गोदामाच्या मागे निघून गेलात आणि हज्जिया काठी टेकत तुमच्या मागे गेली. बराच वेळ दोघी आल्या नाहीत. मी उन्हात एकटी संत्री गोळा करत होते.

घरी आल्यावर तुमचा अबोला सुरू झाला. सईमार्फत निरोप. "आईला सांग, आमटी खारट आहे." मी पोळ्या लाटायचे, तुम्ही भाजायचात, आणि दोघींच्या मध्ये तवा. आणि मग एके सकाळी तुम्ही अचानक प्रकाशला म्हणालात, "त्या डॉक्टरला फोन कर. डोळे काढायचे तर काढू देत." मी खूश झाले, पण मला कळेना की हे कुणामुळे. प्रकाशने श्रेय घेतलं. मी ते घेऊ दिलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. पट्टी काढल्यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत आणि अबोला मोडलात तो असा, "तुझे केस एवढे पिकलेत? सांगायचं तरी!" पुढचे दोन-तीन हिवाळे तुमचे डबे पूर्वीसारखे उडत राहिले. पण दर वेळी बंदूक उचलायच्या आधी तुम्ही सगळ्यांना मोठ्याने विचारायचात, "बांधावर कोण आहे का रे?" आणि इद्रिस खालून, अगदी तुमच्या पाठीमागून, ओरडायचा, "नो मामा, आय ॲम हियर!" मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही माझ्याकडे बघायच्या नाहीत. एकदा जेवताना मी विषय काढला तर तुम्ही ताट सरकवलंत. "दिसला होता."

आणि तेच शेवटचं. हॉस्पिटलात तुमची छाती कफाने भरली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी खुर्चीत बसून ठरवत होते, आज बोलायचं. बाथरूममधल्या त्या भोंग्याचं बोलायचं. तुमच्यामुळे मी या वाळूत टिकले हे सांगायचं. मी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही मास्क बाजूला केलात. मला वाटलं, तुम्हालाही काही सांगायचं असेल.

"नीलिमा."

"हं, आई."

"तो मला दिसला होता."

काय म्हणायचं होतं मी, आई? हो म्हणायचं होतं. जगात कुणीही हो म्हटलं असतं. मी म्हणाले, "नव्हता."

"दिसला होता."

"नव्हता दिसला, आई."

नर्सने येऊन तुमचा मास्क नीट केला आणि मला बाहेर जायला सांगितलं, पेशंटला बोलायला लावू नका म्हणून. मी लावलं! त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. मी घरी आले, आणि पहाटे हॉस्पिटलातून प्रकाशचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. माणसं शेवटी गंगाजळ मागतात, नातवंडांची नावं घेतात. आपण दोघी भांडलो. तुम्हाला नाशिकला नेलं, सगळं झालं, आम्ही परत आलो, आणि मी अजून त्याच खुर्चीत बसलेली आहे.

काल दुपारी हज्जिया आली. लिफ्ट बंद होती. एक पायरी, एक थांबा, अशी काठीवर भार देत वर आली. बू सालेम मागून खजुरांची टोपली घेऊन. ती तुमच्या जागेवर बसली, सोफ्याच्या डाव्या टोकाला, आणि कितीतरी वेळ उशीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली. "इद्रिस," म्हणाली. मी मान हलवली. तिने दोन्ही तळवे स्वतःच्या डोळ्यांवर ठेवले, मान हलवली. "मा शाफत." दिसला नाही तिला.

मग तिने करून दाखवलं. गोदामामागे तुम्ही कशा जमिनीवर बसलात. तिच्या मांडीत डोकं घालून कशा रडलात. तुम्ही, आई, ज्या बाबा गेले तेव्हा चारचौघांत रडला नाहीत. आणि शेवटी तिने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे दाखवलं. हिला सांगू नकोस.

बू सालेम खाली बघत होते. प्रकाश दारात उभा होता. एवढी वर्षं मी हेच म्हणत होते, आणि आता साक्षीदार माझ्यासमोर बसला होता, माझ्याच बाजूने बोलत होता.

"शाफत," मी म्हणाले.

हज्जियाने भुवया उंचावल्या. "मा शाफत!"

"शाफत, हज्जिया. दिसला होता त्यांना. त्यांनी मला सांगितलंय."

तिने काठी आपटली. मला तिचं अर्धं कळत नव्हतं, तिला माझं काहीच नाही, तरी ती अरबीत आणि मी मराठीत, आवाज चढवून भांडत राहिलो. बू सालेम "यम्मा, यम्मा" करत स्वतःच्या आईला आवरत होते. सई आतून बाहेर आली आणि दारातच थबकली. मी ऐकलं नाही, आई. हज्जियाचे दोन्ही हात धरले, माझा चेहरा भिजला होता, आणि मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, दिसला होता, दिसला होता.